समोरच्या भिंतीवरची खुंटी

शेट्यांच्या घराची चावी शेट्यांच्या घरात सहसा नसायचीच. ती असायची समोरच्या दाराच्या आत, एलियम्मा कुरियनच्या भिंतीवर, येशूच्या तसबिरीखाली बसवलेल्या पितळी खुंटीवर. अकरा वर्षं ती तिथे लटकत होती आणि यात काही विशेष आहे असं नेरूळच्या त्या सिडकोच्या बिल्डिंगमध्ये कुणालाही वाटत नव्हतं.

लॅचच्या चाव्या खरं तर तीन मिळाल्या होत्या. एक सुभाष शेट्यांनी महाप्याला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये हरवली, दुसरी त्यांच्या लेकीने, मनालीने, शाळेच्या सहलीत. उरली एक. "डुप्लिकेट करून घ्या हो," असं नंदिनी दर दिवाळीला म्हणायची आणि सुभाष दर दिवाळीला "करतो की" म्हणायचा. गरज मात्र पडायचीच नाही. सकाळी घरातून जो शेवटी निघेल त्याने चावी लॅचमध्ये दोनदा फिरवायची, समोरची बेल वाजवायची, चावी एलियम्माच्या हातात ठेवायची. संध्याकाळी जो आधी येईल त्याने ती मागून घ्यायची. दोनदा अशासाठी, की एकदाच फिरवलेलं ते लॅच नुसत्या फुटपट्टीने उघडतं, हे तळमजल्यावरच्या चोरीनंतर सगळ्यांना कळलं होतं. दोनदा फिरवलं की ते चोराच्या बापालाही उघडायचं नाही. आत कुणी असेल तर त्यालाही उघडायचं नाही, पण तशी वेळ कधी आली नव्हती.

एलियम्मा वाशीच्या एका हॉस्पिटलात नर्स होती. नवरा मस्कतला, मुलगा कोट्टायमला आजीपाशी, आणि ही इथे एकटी, कायमची रात्रपाळी मागून घेतलेली. शेटे नवीन राहायला आले तेव्हा मनाली अकरा वर्षांची होती. शाळा साडेबाराला सुटायची, आईवडील यायचे सहाला. चावी हरवल्यावर पोरगी दप्तर मांडीवर घेऊन जिन्यात बसलेली एलियम्माला दिसली आणि तिने काही न विचारता तिला आत घेतलं. दुसऱ्या दिवशीही घेतलं. आठवड्याभरात सुभाषने स्क्रू ड्रायव्हर घेऊन तिच्या भिंतीत ती खुंटी स्वतः बसवून दिली.

मग एका संध्याकाळी मनालीच्या हाताला माशाचा वास आला. नंदिनी माहेरची इस्लामपूरची, सासरची तासगावची. दोन्ही घरांत अंड्याचं टरफलसुद्धा उंबऱ्याच्या आत आलेलं नव्हतं. तिने पोरीला न्हाऊ घातलं, मोरीत बसून रडली, आणि पदर खोचून भांडायला समोर गेली. एलियम्माला तेव्हा मराठी येत नव्हतं. मोडक्या हिंदीत तिने सांगितलं ते एवढंच, की मी तिला वेगळ्या ताटात डाळभात दिला होता. तिने माझ्या ताटात हात घातला. मी काय करायला हवं होतं, लेकराचा हात बाजूला करायला हवा होता?

नंदिनी न भांडताच परत आली.

त्यानंतर ती पुष्कळ बदलली, आणि हे तिचं श्रेय कुणी काढून घेऊ नये. मासे तिने स्वतः कधी तोंडात घातले नाहीत, पण मासे तळले जात असताना त्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून गप्पा मारायला शिकली. अप्पम करायला शिकली. सुभाषला टायफॉइड झाला तेव्हा एलियम्मा ड्युटीवरून येऊन कपडे न बदलता आधी इंजेक्शन द्यायची. दर शुक्रवारी मस्कतचा फोन यायचा तो शेट्यांच्या घरी, कारण एलियम्माचा नंबर अजून लागला नव्हता. दोन घरांत एक स्टीलचा डबा फिरत असायचा आणि तो कुठल्याच बाजूने रिकामा परत जायचा नाही. काहीच नसलं तर निदान चार लवंगा तरी टाकून. उन्हाळ्यात एलियम्माचा मुलगा महिनाभर राहून गेला, तो आईला 'अम्माची' म्हणायचा, ते ऐकून मनालीही तेच म्हणू लागली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नंदिनीला ते जरा खुपलं. मग सवय झाली.

वाशीच्या ऑफिसात तर ती अभिमानाने सांगायची, "आमच्याकडे असलं काही नाही हं. आमच्या मजल्यावर अख्खा भारत राहतो." हे वाक्य तिचं फार लाडकं होतं. इस्लामपूरला गेली की मात्र ते वाक्य ती पर्समध्येच ठेवायची. एसटीने पनवेल सोडलं की ती जरा गप्प व्हायची, कराड आलं की डोक्यावर पदर यायचा, आणि भावजयीने "शेजार कसा आहे ओ?" विचारलं की ती म्हणायची, "असतात आपले कुणीकुणी." नेरूळची नंदिनी आणि इस्लामपूरची नंदिनी अशा दोघी होत्या आणि त्यांची गाठ कधी पडली नव्हती. सत्त्याण्णवच्या मे महिन्यात ती पडायची होती.

बाबासोंचं, म्हणजे नंदिनीच्या थोरल्या भावाचं, पत्र आलं. सांगलीचं मगदुमांचं स्थळ, मुलगा शौनक, इंजिनिअर, पुण्याला नोकरी. मनालीने त्याला मामेबहिणीच्या लग्नात पाहिलं होतं, आणि नाव काढल्यावर ती जशी लाल झाली त्यावरून नंदिनीला सगळं कळलं. आधीची दोन स्थळं फिसकटली होती. हे होऊ दे, एवढंच ती देवाकडे मागत होती. पत्राच्या शेवटी बाबासोंनी लिहिलं होतं: 'माणसं चांगली पण कडक आहेत. पोरगी अंड्याच्या वासानेसुद्धा ताटावरून उठते, शेजारपाजारच्या घरात पाणीही पीत नाही, असं मी सांगितलं आहे. तुमचा शेजार मला ठाऊक आहे. रविवारी तेवढं सांभाळून घ्या. माझा शब्द खाली पडला तर मला इथे तोंड दाखवायला जागा नाही.'

"मासे सोडीन मी, त्यात काय," मनाली म्हणाली. तिला वाटलं, मागणं एवढंच आहे.

गुरुवारी नंदिनी डब्यात सहा शेंगपोळ्या घालून समोर गेली.

"एली, रविवारी मनालीला बघायला येतायत."

एलियम्माने दोन्ही हात जोडून वर पाहिलं आणि मग तिची घाई सुरू झाली. "खरंच? तो पुण्यावालाच ना? मी काय करू? केक करू? विदाउट एग करते, येतो मला. साडी कुठली नेसू? ती गोल्ड बॉर्डरवाली?"

बिनअंड्याचा केक. नंदिनीला वाटलं, आत्ता उठावं आणि घरी जावं. पण तिने उरकून टाकलं.

"एली, रविवारी तू मच्छी करू नकोस."

"नाही करत."

"आणि दार बंद ठेव. अकरापासून, ते जाईपर्यंत. कुणी बेल वाजवली तरी."

एलियम्मा डब्याचं झाकण उघडत होती, ते तिने परत बसवलं.

"टेन्शन नको घेऊ," ती म्हणाली. "मी नाइट करून येते, झोपते. तू बोललीस ना, नाही उघडणार. कुणीपण येऊ दे, नाही उघडणार."

ती रागावली असती, तर नंदिनीला बरं वाटलं असतं. भांडण झालं असतं आणि मिटलंही असतं. पण तिने मान्य केलं होतं आणि आता काही करता येत नव्हतं.

शनिवारी सारसोळ्याची मासेवाली सखू जिन्यात भेटली. ती दर रविवारी एलियम्माच्या दारात पाटी उतरवायची. उद्या येऊ नकोस, असं नंदिनीने हळूच सांगितल्यावर सखूने कमरेवर हात ठेवला. "का गो बाय? उंद्या आयतवार हाय. तुझ्या पोरीलाच बोंबील लागतान पयले. मना माहीत नाय काय?" नंदिनीने इकडेतिकडे पाहिलं आणि तिच्या हातात दहाची नोट कोंबली. सखूने ती नोट परत तिच्याच हातात दिली. "नाय येत. पन मना पैसं नको देव," असं म्हणून ती खाली उतरली.

रविवारी सकाळी घर नुसतं लखलखत होतं. पाहुणे पनवेलला आपल्या साडूंकडे उतरले होते आणि तिथून लोकलने येणार होते. सुभाषने त्यांना स्टेशनवरून आणायचं ठरलं होतं. दहाला तो निघाला. डोकं बिचाऱ्याचं पाहुण्यांत गुंतलेलं, पण हातांना त्यांचं काम पाठ होतं. हातांनी आतल्या खिळ्यावरची चावी काढली, दार ओढलं, लॅच दोनदा फिरवलं, समोरची बेल वाजवली. एलियम्मा ड्युटीवरून आलेली होती आणि अकरा अजून वाजायचे होते. तिने झोपाळू डोळ्यांनी हात पुढे केला, चावी घेतली, खुंटीला अडकवली आणि दार लावून टाकलं. दोघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही, की आज रविवार आहे आणि आत दोन बायका आहेत.

नंदिनीच्या लक्षात आलं ते पावणेअकराला. उंबऱ्याबाहेर रांगोळी काढावी म्हणून ती डबी घेऊन दाराशी गेली. लॅचचा खटका फिरेना. तिने जोर लावला. मग तिला खिळा रिकामा दिसला.

"मने, तुझे बाबा आपल्याला कोंडून गेले."

मनाली हसायलाच लागली. "चावी अम्माचीकडे असणार. थांब, हाक मारते."

"नको!" नंदिनी एवढ्या जोरात म्हणाली की मनालीचं हसू विरलं. "तिला मी... ती झोपली असेल. बाबा येतीलच पाहुण्यांना घेऊन. ते घेतील चावी."

"झोपली असली तर काय झालं?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायच्या आधीच जिन्यात पावलं वाजली. दारातल्या बारीक भिंगाला नंदिनीने डोळा लावला. फेटा बांधलेले मुलाचे वडील रावसाहेब मगदूम, हातात फळांची पिशवी घेतलेल्या आई विजयमालाबाई आणि मागे स्वतः शौनक. साडूंनी ऐन वेळी त्यांना आपल्या मारुतीतून आणून सोडलं होतं. सुभाष तिकडे स्टेशनवर पुढच्या लोकलची वाट बघत उभा होता.

बेल वाजली. घराचं दार आहे, पाहुणे दारात आहेत, आणि उघडता येत नाही. नंदिनीने खटका असा हलवला की जणू तो ऐन वेळी लाजेल आणि उघडेल.

"या, या... जरा थांबा हं... दार अडकलंय. हे चुकून बाहेरून लावून गेलेत."

बाहेरून मग विजयमालाबाईंचा आवाज आला, "बाहेरून कुलूप? पोरगी पळून जाईल म्हणून की काय ओ?" आणि तिघंही हसली. नंदिनीही आतून हसली. मनाली दिवाणाच्या कडेवर बसून आईकडे बघत होती.

"दुसरी किल्ली नसती का?" रावसाहेबांनी विचारलं. "शेजारी ठेवत असाल की."

"नाही ओ. शेजारी आमचं फारसं येणंजाणं नाही."

मनालीने मान वर केली. आता तिला सगळं कळलं. नंदिनीला पाठीवर तिची नजर जाणवत राहिली.

पाच मिनिटं गेली, सात गेली. मे महिना, जिन्याला पंखा नाही. भिंगातून नंदिनीला रावसाहेब फेट्याच्या शेवाने मानेचा घाम पुसताना दिसत होते. सुभाष आला तरी उपयोग नव्हता, चावी त्याच्याकडे नव्हतीच. शब्द बाबासोंचा, अट तिची आणि चूक नवऱ्याची, आणि या सगळ्यांच्या मध्ये ती आपल्याच घरात कोंडली गेली होती.

"असं करा," शेवटी ती म्हणाली, "समोरची बेल वाजवून बघा जरा."

शौनकने वाजवली. कुणी आलं नाही. त्याने परत वाजवली.

"एली!" नंदिनीने दाराला तोंड लावून हाक मारली. "ए एली, उघड गं!"

समोरच्या दारातही तसंच भिंग होतं आणि त्यातून उजेडाचा ठिपका दिसायचा. तो ठिपका आता दिसेनासा झाला. म्हणजे एलियम्मा दारामागे उभी होती. दोघी आपापल्या बंद दारामागे डोळा लावून उभ्या आणि मध्ये पाहुणे. ती ऐकत होती आणि उघडत नव्हती, कारण तिने शब्द दिला होता आणि तो नंदिनीनेच घेतला होता.

मनाली उठली. तिने आईला बाजूला केलं, रागाने नाही, नुसतं सरकवलं, आणि म्हणाली, "अम्माची."

हाक मोठी नव्हती. समोरचं दार उघडलं.

एलियम्मा घरच्या फिक्या गाऊनमध्ये होती, केस ओले, खांद्यावर टॉवेल. तिने पाहुण्यांकडे पाहिलं नाही. पुढे येऊन तिने लॅचमध्ये चावी घातली, दोनदा उलटी फिरवली, दार ढकललं, आणि नंदिनीपुढे चावी धरून म्हणाली, "मॅडम, तुमची चावी."

अकरा वर्षांत पहिल्यांदा तिने नंदिनीला मॅडम म्हटलं. नंदिनीला लगेच उमगलं, की ही आपल्यासाठी खोटं वागतेय. ओळख नाही असं दाखवतेय, आपली लाज राखतेय. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण विजयमालाबाईंनी त्या मॅडमचा, त्या गाऊनचा आणि त्या टॉवेलचा वेगळाच हिशेब लावला.

"कामाच्या का ओ या?"

यावर बोलायला फार वेळ नव्हता. नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार होता, मग कोण? आणि ज्यांच्याशी येणंजाणं नाही त्यांच्याकडे घराची चावी कशी? नंदिनीने तोंड उघडलं.

"हं," ती म्हणाली.

धड हो सुद्धा नाही. पण विजयमालाबाईंना तेवढं पुरलं. "मग हे आत ठेवा बाई. नारळ वर आहे, फळं दबायला नकोत," असं म्हणून त्यांनी पिशवी एलियम्माच्या हातात दिली. एलियम्मा पिशवी धरून उभी राहिली. ती नंदिनीकडे बघत होती. फार वेळ नाही, पेशंट 'दुखतंय' म्हणतो की नाही याची नर्स वाट बघते तेवढाच. नंदिनीने सोफ्याकडे हात केला आणि पाहुण्यांना म्हणाली, "बसा ना."

एलियम्मा आत गेली. त्या स्वयंपाकघरात तिला काही शोधावं लागलं नाही. माठ कुठे, पेले कुठे, ट्रे कुठल्या फळीवर. पाणी आलं. विजयमालाबाईंनी पाणी पिऊन रिकामा पेला तिच्याकडे न बघताच वर धरला आणि तिने तो घेतला. आत नळ वाजला, पेला धुतला गेला, मांडणीत पालथा घातल्याचा आवाज आला. नंदिनी सोफ्यावर बसून रावसाहेबांकडून द्राक्षांचा भाव ऐकत होती आणि ते सगळे आवाज तिला एकेक करून ऐकू येत होते.

"बाई चांगली मिळाली ओ तुम्हाला," विजयमालाबाई म्हणाल्या. "एवढी सफाईची मिळत नाही."

मग मनाली पोहे घेऊन आली. मोरपंखी साडी, मान खाली, सगळं बघण्याच्या कार्यक्रमात असतं तसं. शौनकने पाहिलं, तिने पाहिलं, दोघं जरा हसली, आणि एवढ्या सगळ्यात नंदिनीला क्षणभर बरं वाटलं. ताटल्या देऊन झाल्यावर मनालीने नमस्कार केले. रावसाहेबांना केला. विजयमालाबाईंना केला. नंदिनीच्या, आईच्या, पाया पडली. आणि मग चार पावलं चालून स्वयंपाकघराच्या दाराशी गेली आणि तिथे ओले हात टॉवेलला पुसत उभ्या असलेल्या एलियम्माच्या पायांवर तिने डोकं टेकलं.

एलियम्माचा हात आपोआप तिच्या डोक्यावर गेला. "मोळे," ती पुटपुटली. तिच्या भाषेत लेकीला असंच म्हणतात.

रावसाहेबांचा चमचा ताटलीतच राहिला. विजयमालाबाई एकदा मनालीकडे, एकदा नंदिनीकडे बघू लागल्या. मनालीने दार उघडून दिलं होतं. आता नंदिनीने फक्त बाहेर पडायचं होतं. 'ही एली, माझी मैत्रीण. हिनेच वाढवलंय पोरीला.' दोनच वाक्यं होती आणि ती खरी होती. नंदिनीच्या ओठांवर आलीही होती. पण शौनक समोर बसला होता, बाबासोंचं पत्र कपाटात होतं, आणि मघाचं ते 'हं' तिच्या तोंडातून निघून गेलं होतं.

"केरळच्या आहेत त्या," ती म्हणाली. "मनाली लहान असल्यापासून आमच्याकडे आहेत ना. म्हणून."

रावसाहेबांनी ताटली खाली ठेवली. त्यांचा चेहरा खरोखर उजळला होता. "ताई, आजवर लई पोरी बघितल्या. कामाच्या बाईच्या पाया पडणारी पोरगी नव्हती बघितली. याला म्हणायचं वळण! काय ओ?" विजयमालाबाईंनीही मान डोलावली. "आमची पसंती आहे," रावसाहेब म्हणाले. "तारीख बाबासोंना विचारून कळवतो."

"ती कामाची..." मनाली बोलू लागली आणि थांबली. स्वयंपाकघराच्या दारातून एलियम्माने डोळ्यांनीच तिला नको म्हटलं होतं. मग एलियम्मा मागच्या मागे वळली, पाहुण्यांच्या चपलांना वळसा घालून बाहेर पडली आणि समोरचं दार लागलं. आवाजसुद्धा झाला नाही.

सुभाष घामाघूम होऊन आला तेव्हा सगळं ठरलेलं होतं. तो आनंदाने वेडाच व्हायचा राहिला. पाहुणे गेल्यावर पेढे घेऊन आला आणि म्हणाला, "पहिला पेढा सिस्टरला. चला."

"ती झोपली असेल," नंदिनी म्हणाली.

संध्याकाळी ती एकटी पेढे घेऊन गेली. दाराला बाहेरून कुलूप होतं. एलियम्मा रोज साडेसातला निघायची, आज सहालाच गेली होती.

रात्रीच्या जेवणाला मनालीने एवढंच विचारलं, "आई, लग्नात तिला कुठे बसवणार आहेस? माझ्याजवळ, की भांड्यांपाशी?"

सुभाषला काही कळलं नाही. तो वाढून घेत राहिला. नंदिनीला मात्र तोपर्यंत न दिसलेलं सगळं दिसलं. हे एका रविवारपुरतं नव्हतं. साखरपुडा येणार होता, लग्न येणार होतं, दिवाळसण, डोहाळजेवण, बाळंतपण. मगदूम या घरी जितक्यांदा येतील तितक्यांदा एलीला एक तर लपवायचं होतं, नाही तर तिच्या हातात पेला द्यायचा होता. आणि खरं सांगायला जावं, तर आता सांगावं लागणार होतं ते नुसतं शेजाऱ्यांचं नव्हतं. आपल्या मैत्रिणीला आपण मोलकरीण म्हटलं, हे सांगावं लागणार होतं. तिला स्वतःची शिसारी आली.

सोमवारी मनाली उठलीच नाही. एरवी साताला कॉम्प्युटर क्लासला पळणारी पोरगी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. सुभाष गेला. सव्वाआठला नंदिनी पर्स घेऊन बाहेर पडली, दार ओढलं, चावी दोनदा फिरवली आणि समोरची बेल वाजवली. रात्रभर जुळवलेलं बोलणं तिच्या तोंडात तयार होतं.

एलियम्माने दार उघडलं. अजून युनिफॉर्ममध्येच होती, डोळे लाल. ती हसली, ओळखीच्या कुणालाही बघून माणूस हसतं तसं.

"नंदिनी, तुझा डबा राहिला होता." तिने डबा पुढे केला. आत काहीतरी खुळखुळलं, आणि नंदिनीचा जीव भांड्यात पडला. डबा रिकामा नव्हता. तिने एका हाताने डबा घेतला आणि दुसऱ्या हाताने चावी पुढे केली.

एलियम्माने हात पुढे केला नाही.

"मी डे ड्युटी मागितली. मिळाली," ती म्हणाली. "दिवसा मी नसणार घरी. तुला प्रॉब्लेम होईल. तू डुप्लिकेट करून घे."

"एली, काल मी..."

"मनालीला सांग, मी खूश आहे. खरंच." आणि दार लागलं.

नंदिनीने पॅसेजमध्येच डब्याचं झाकण काढलं. घासून लखलखीत केलेल्या डब्याच्या तळाशी पितळी खुंटी होती आणि तिचे दोन स्क्रू. सुभाषने बसवलेली. त्यांचं सामान होतं, ते परत केलं होतं.

डबा एका हातात, चावी दुसऱ्या हातात, आणि चावी ठेवायला जगात जागा नाही. मग तिच्या पाठीमागे, तिच्याच दारावर, आतून टकटक झाली.

"आई," मनालीचा आवाज आला, "दोनदा फिरवलंस. मी आत आहे."